ट्रॉली जॅक आणि जॅक स्टँड

ट्रॉली जॅक आणि जॅक स्टँड ही मोटारगाडी जमिनीपासून उचलण्यासाठी आणि उचललेल्या स्थितीत पेलून धरण्यासाठी वापरली जाणारी दोन साधने आहेत. ट्रॉली जॅक हे चाकांवर सरकणारे, तेलाच्या दाबावर चालणारे उचलयंत्र असून अमेरिकेत त्यास फ्लोअर जॅक म्हणतात. जॅक स्टँड हा पोलादी पायांचा, उंची कमीजास्त करता येणारा स्थिर आधार होय. ब्रिटनमध्ये तो अ‍ॅक्सल स्टँड या नावाने ओळखला जातो. ही साधने परस्परांना पर्याय नाहीत. जॅकचे काम उचलण्याचे आणि स्टँडचे काम पेलण्याचे आहे. केवळ जॅकवर तोललेल्या गाडीखाली शिरल्यामुळे माणसे दगावल्याच्या घटना अनेक देशांत घडल्या आहेत आणि तेल बदलणे, ब्रेक पाहणे यांसारख्या साध्या घरगुती कामांतही त्या घडतात. म्हणून घरच्या वापरासाठी ही साधने निवडताना दोन्हींचा एकत्र विचार करावा लागतो. जॅक आधी घेऊन स्टँड ‘नंतर पाहू’ असे म्हणणे ही निवडीतील सर्वांत घातक चूक होय.

नाव

जॅक हे इंग्रजीतील पुरुषाचे घरगुती नाव. पुढे ते कोणत्याही सामान्य गड्यासाठी आणि त्यानंतर गड्याचे काम करणाऱ्या उपकरणांसाठी वापरले जाऊ लागले. मराठीत ‘गडी’ या शब्दाला माणूस आणि नोकर असे दोन्ही अर्थ आहेत, तशीच ही अर्थच्छटा आहे. जॅकसाठी ‘उत्थापक’ असा शब्द सुचवता येतो, पण गॅरेजपासून घरापर्यंत सर्वत्र जॅक हाच शब्द रुळला आहे.

इतिहास

फ्रेंच गणिती ब्लेझ पास्कल (१६२३–१६६२) याने बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हे तत्त्व मांडले. द्रवांच्या समतोलावरील त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, १६६३ मध्ये प्रसिद्ध झाला. या तत्त्वाचा कारखानदारीतील उपयोग मात्र सव्वाशेहून अधिक वर्षांनी झाला. इंग्लंडमधील जोसेफ ब्रामा याने १७९५ मध्ये द्रवचालित दाबयंत्राचे एकस्व मिळवले. न्यू यॉर्क येथील रिचर्ड डजन याला १८५१ मध्ये हलवता येण्याजोग्या द्रवचालित यंत्राचे एकस्व मिळाले आणि तेथून द्रवचालित जॅकचा प्रसार सुरू झाला. मोटारगाड्या रस्त्यावर आल्यावर हेच यंत्र चाकांच्या आडव्या चौकटीवर बसवले गेले.

रचना आणि कार्य

ट्रॉली जॅकची चौकट दोन जाड पोलादी बाजूपट्ट्यांची असते. पुढच्या टोकाला दोन रुंद, सरळ धावणारी चाके व मागे कोणत्याही दिशेस वळणारी दोन लहान चाके असतात. चौकटीच्या मागील भागात बिजागरीवर बसवलेली एक भुजा असते आणि तिच्या पुढच्या टोकावर वाटीच्या आकाराची बैठक असते. तिला सॅडल म्हणतात. गाडीचा भार प्रत्यक्षात याच हातभर जागेवर, किंबहुना वीतभराहून कमी जागेवर येतो.

लांब दांडा वरखाली केला की तरफेच्या नियमाने लहान दट्ट्यावर वाढीव बल पडते. त्या दट्ट्याने ढकललेले तेल एकाच दिशेने उघडणाऱ्या झडपेतून मोठ्या सिलिंडरमध्ये जाते व तेथील मोठा दट्ट्या भुजेला रेटतो. उदाहरणादाखल, दांड्यावर २० किलोइतका भार दिला आणि तरफेचे प्रमाण १५ असेल, तर लहान दट्ट्यावर ३०० किलोचा रेटा येतो. लहान दट्ट्याचा व्यास १ सेंटिमीटर व मोठ्याचा ४ सेंटिमीटर असल्यास क्षेत्रफळांचे प्रमाण १६ होते, म्हणजे मोठा दट्ट्या ४,८०० किलोच्या बलाने पुढे सरकतो. भुजेची रचना उंची मिळवण्यासाठी बलाचा त्याग करणारी असते. तिच्यात बल एक तृतीयांश झाले असे धरल्यास सॅडलवर १,६०० किलो उरतात. घर्षणात जाणारा भाग येथे सोडून दिला आहे. हे बल फुकट मिळत नाही. दांड्याचे टोक ४५ सेंटिमीटर खाली आले, तर या हिशेबाने सॅडल जेमतेम अर्धा सेंटिमीटर वर चढते. म्हणूनच जॅक पुष्कळ वेळा मारावा लागतो.

दांडा फिरवून रिलीज व्हॉल्व्ह सैल केला की तेल टाकीत परत येते व गाडी खाली उतरते. बहुतेक जॅकमध्ये ठरावीक भारापुढे तेलाला परतीची वाट देणारी आणखी एक सुरक्षा-झडप असते. ती यंत्राला अतिभारापासून वाचवते, गाडीखालच्या माणसाला नव्हे.

शालेय विज्ञानात पास्कलचा नियम शिकवताना मोटार उचलणाऱ्या लिफ्टची आकृती हमखास असते. दोन नळकांडी, मधली नळी आणि वर गाडी. ती आकृती तत्त्व समजण्यासाठी उत्तम आहे, पण तिच्यात रबरी सील नसते, झडपेच्या तोंडाशी अडकलेला लोखंडाचा कण नसतो आणि तेलात शिरलेली हवाही नसते. प्रत्यक्ष जॅकमध्ये गाडीचा सगळा भार दोन-तीन लहान सीलांवर आणि एका झडपेवर अडलेला असतो. त्यांतील एकानेही दगा दिला तर गाडी खाली येते, कधी हळूहळू तर कधी एकदम. जॅकवर विसंबू नये असे सांगितले जाते त्याचे कारण जॅक हलक्या प्रतीचा असतो हे नाही. चांगल्या जॅकचीही रचनाच अशी आहे.

जॅक स्टँडमध्ये द्रव नसतो. तीन किंवा चार पायांच्या तिरप्या चौकटीतून एक उभा दांडा वर सरकतो. दातेरी प्रकारात दांड्यावर दाते कापलेले असतात व एक खिट्टी त्यांत अडकते. खिळीच्या प्रकारात दांड्याला आरपार भोके असतात व त्यांत जाड पोलादी खीळ घातली जाते. दोन्ही प्रकारांत भार पोलादाकडून पोलादाकडे आणि तेथून जमिनीकडे जातो. वेळ गेला म्हणून तो आधार खचत नाही.

जॅक वापरताना का सरकतो

भुजा एका टोकाला बिजागरीवर असल्यामुळे सॅडल सरळ रेषेत वर जात नाही, ते वर्तुळाच्या कमानीवर जाते. चढता चढता ते दांड्याच्या बाजूला मागे येऊ पाहते. वर गाडीला टेकलेले सॅडल जागचे हलू नये यासाठी जॅकची चौकटच चाकांवर पुढे, गाडीच्या खाली सरकावी लागते. ट्रॉली जॅकला चाके असतात ती केवळ ने-आण करण्यासाठी नव्हेत, उचलण्याच्या क्रियेचाच ती भाग आहेत.

ही गोष्ट लक्षात आली की जमिनीचे महत्त्व आपोआप कळते. गुळगुळीत काँक्रीटवर जॅक अलगद सरकतो. खडीवर, मातीवर किंवा पेव्हर ब्लॉकच्या फटीत चाक अडले की सॅडल गाडीच्या पत्र्यावरून घसरू लागते, अथवा गाडीच जॅककडे ओढली जाते. महाराष्ट्रातील अनेक गृहसंकुलांच्या आवारात पेव्हर ब्लॉक बसवलेले असतात आणि पावसाळ्यानंतर त्यांतील काही ब्लॉक खचून डुलू लागतात. अशा जागी पुरेशा लांबीरुंदीची जाड प्लायवुडची फळी घालून तिच्यावर जॅक ठेवता येतो. फळी जॅकच्या चौकटीहून लांब हवी, म्हणजे जॅकला सरकायला जागा राहते. डांबरी पृष्ठभागाची अडचण निराळी आहे. चैत्र-वैशाखाच्या उन्हात डांबर मऊ पडते व स्टँडचे अरुंद पाय त्यात रुततात. तेथे स्टँडच्या प्रत्येक पायाखाली एकसंध सपाट पाट लागतो. तळमजल्याखालील वाहनतळ बहुधा काँक्रीटचा असतो, पण पाणी वाहून जाण्यासाठी त्याला दिलेला उतार डोळ्यांना चटकन दिसत नाही. उतारावर गाडी उचलू नये.

अन्य प्रकारचे जॅक

गाडीसोबत डिकीत मिळणारा कात्रीच्या आकाराचा सिझर जॅक स्क्रूवर चालतो. तो रस्त्यात पंक्चर झालेले चाक बदलण्यापुरता असतो. त्याचा तळ अरुंद असतो आणि बाजूच्या रेट्याला तो सहज कलतो. घरच्या दुरुस्तीसाठी तो मोजू नये.

बाटलीच्या आकाराचा बॉटल जॅक आकाराच्या मानाने फार ताकदवान असतो आणि मालमोटारींना तोच उपयोगी पडतो. परंतु त्याची किमान उंची अधिक असल्यामुळे तो ठेंगण्या मोटारीखाली जातच नाही, त्याची बैठक लहान असते आणि तो जागचा सरकू शकत नाही. शिडीसारख्या स्वतंत्र चौकटीवर बांधलेल्या उंच वाहनांत, उदाहरणार्थ महिंद्राच्या बोलेरोत, तो चालून जातो.

ट्रॉली जॅकची निवड

जॅकवर ठळक अक्षरांत लिहिलेला आकडा टनांचा असतो आणि ग्राहकाचे लक्ष तेथेच खिळते. वस्तुतः घरगुती वापरात टनांचा प्रश्न सर्वांत सोपा आहे. भारतातील लहान हॅचबॅक गाडीचे रिकामे वजन साधारण ८०० ते १,००० किलो, मध्यम सेडानचे १,१०० ते १,३०० किलो व मोठ्या एसयूव्हीचे १,८०० किलो किंवा त्याहून अधिक असते. जॅक एका वेळी गाडीचे एकच टोक किंवा एकच कोपरा उचलतो. इंजिन पुढे असलेल्या गाडीत पुढच्या टोकावर वजनाचा ६० टक्क्यांच्या आसपास भाग येतो, म्हणजे १,००० किलोच्या गाडीचे पुढचे टोक ६०० किलोंच्या घरात जाते. २ टनांचा जॅक त्यासाठी पुरेसा आहे. एसयूव्ही किंवा विजेवर चालणारी जड गाडी असल्यास ३ टनांचा घ्यावा. टन म्हणजे किती हेही लेबलवर पाहावे. मेट्रिक टन १,००० किलोंचा असतो, तर अमेरिकी टन २,००० पौंडांचा, म्हणजे सुमारे ९०७ किलोंचा. अमेरिकी मापाचा ३ टनांचा जॅक त्यामुळे २,७२० किलोंच्या आसपासचाच ठरतो.

खरी निवड उंचीवर ठरते. जॅकची किमान उंची गाडीच्या जॅक लावण्याच्या जागेखाली मावली पाहिजे. भारतीय हॅचबॅक व सेडान गाड्यांची जमिनीपासूनची उंची बहुधा १६० ते १८० मिलिमीटर असते, त्यामुळे १३० ते १४० मिलिमीटर किमान उंचीचा साधा जॅक एरवी आत जातो. पण चाकातील हवा पूर्ण गेली की गाडी तेवढी खाली बसते आणि ऐन गरजेच्या वेळी जॅक बाहेरच राहतो. ठेंगण्या गाड्यांसाठी ७५ ते १०० मिलिमीटर किमान उंचीचे लो-प्रोफाइल जॅक मिळतात. मोजमाप करताना गाडीच्या माहितीपत्रकातील ग्राउंड क्लिअरन्सवर न थांबता, प्रत्यक्ष जॅक लावण्याच्या जागेपाशी पट्टी धरून उंची घ्यावी. दोन्हींत फरक असतो.

कमाल उंचीकडे तर बहुतेकांचे दुर्लक्षच होते. गाडी उचलू लागताच चाक लगेच जमीन सोडत नाही. स्प्रिंग ताणल्या जाऊन चाक खाली लोंबते, आणि चाक सुटण्यासाठी गाडीचे अंग दहा-पंधरा सेंटिमीटर वर जावे लागते. समजा, दाराखालील जॅक लावण्याची जागा जमिनीपासून २० सेंटिमीटरवर आहे. ती ३५ सेंटिमीटरपर्यंत न्यायची असेल तर ३३ सेंटिमीटर कमाल उंचीचा लहान जॅक तेथेच हरतो. त्यात पुन्हा स्टँड सरकवण्यासाठी गाडी स्टँडच्या इच्छित उंचीपेक्षा दोन-तीन सेंटिमीटर अधिक वर न्यावी लागते. प्लॅस्टिकच्या पेटीत मिळणारे सुटसुटीत २ टनी जॅक दिसायला सोयीचे, वजनाने ८-१० किलोंचे आणि स्वस्त असतात. त्यांची त्रुटी बलाची नसून उंचीची आणि आखूड दांड्याची असते. उंची अपुरी पडली की माणूस सॅडलवर लाकडाचे ठोकळे रचू लागतो, आणि बहुतेक धोके येथूनच सुरू होतात. जागा आणि ऐपत असेल तर सुमारे ४५ ते ५० सेंटिमीटर उंच जाणारा, लांब चौकटीचा जॅक घेणे हितावह.

असा पोलादी जॅक ३० किलो किंवा त्याहून जड भरतो. तळमजल्यावर स्वतःचे गॅरेज असेल तर प्रश्न नाही. चौथ्या मजल्यावरील सदनिकेतून प्रत्येक वेळी खाली आणायचा असेल तर अ‍ॅल्युमिनियमचा, निम्म्याहून कमी वजनाचा जॅक परवडतो, मात्र किंमत अधिक पडते. चाकांची रुंदी, सॅडलवरील रबरी गादी, पूर्ण लांबीचा दांडा व सहज बोटभर फिरवून अलगद सोडता येणारा रिलीज व्हॉल्व्ह या गोष्टी दुकानात हाताळून पाहाव्यात. व्हॉल्व्ह झटक्याने सुटणारा असेल तर असा जॅक घेऊ नये. सुटे सील मिळतात का, हेही विचारावे. सील न मिळणारा जॅक काही वर्षांत भंगारात जातो.

जॅक स्टँडची निवड

स्टँड नेहमी जोडीने घ्यावेत आणि दोन्ही एकाच बनावटीचे असावेत. एका स्टँडवरील भार कागदावर गाडीच्या वजनाच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्याइतका असला तरी धक्का, कलणे व असमान जमीन यांचा विचार करून मोठी राखीव क्षमता ठेवतात. लहान गाडीसाठीही २ किंवा ३ टनांची जोडी घेतली जाते ती यामुळे. लेबलवरील क्षमता एका स्टँडची आहे की जोडीची, हे काही उत्पादक स्पष्ट लिहितात तर काही बारीक अक्षरांत. ते वाचल्यावाचून खरेदी करू नये.

मोठ्या क्षमतेचा स्टँड अधिक सुरक्षित असे सरसकट म्हणता येत नाही. ६ टनांच्या स्टँडची किमान उंचीच बरीच जास्त असते आणि लहान गाडी तेवढी उचलताना जॅक तोकडा पडतो, शिवाय गाडी विनाकारण उंच जाते. गाडी जितकी उंच तितकी ती कलण्यास सोपी. काम करता येईल इतक्याच उंचीवर ती ठेवावी.

दातेरी आणि खिळीचा यांपैकी कोणता प्रकार चांगला, यावर मतभेद आहेत. दातेरी स्टँड बारीक टप्प्यांनी उंच करता येतो, परंतु खिट्टी दात्यात पुरती बसली आहे की अर्धवट, हे बाहेरून नीट दिसत नाही. खिळीच्या स्टँडमध्ये टप्पे मोठे असतात, मात्र खीळ आरपार गेली आहे हे डोळ्यांनी पाहता येते. अमेरिकेतील हार्बर फ्रेट या साखळी-दुकानाने २०२० मध्ये आपले ३ टनी आणि ६ टनी दातेरी स्टँड लाखोंच्या संख्येने परत मागवले. कारखान्यातील साचे झिजल्यामुळे काही स्टँडमध्ये खिट्टी दात्यांत पुरेशी खोल बसत नव्हती आणि भार हलला की दांडा खाली घसरू शकत होता. त्याऐवजी ग्राहकांनी घेतलेल्या ३ टनी स्टँडच्या एका प्रकारात त्याच वर्षी जोडकामाचा दोष आढळला व तेही परत मागवावे लागले. या प्रकरणानंतर दात्यांखेरीज स्वतंत्र सुरक्षा-खीळ असलेल्या स्टँडकडे ग्राहकांचे लक्ष वळले. घरगुती वापरासाठी असा दुहेरी अडसराचा किंवा साधा खिळीचा स्टँड पसंत करणे योग्य वाटते. टप्प्यांची थोडी गैरसोय सोसता येते.

पाय रुंद पसरलेले, तळाशी पट्टीने जोडलेले, जोडकाम सलग आणि दांडा पूर्ण वर असतानाही फारसा न डुलणारा, अशी परीक्षा विकत घेताना करता येते. डोक्यावरच्या खाचेत दाराखालील पत्र्याची जोडकड बसते. तेथे खाच असलेली रबरी गादी असल्यास पत्रा दुमडत नाही.

विटा, दगड, सिमेंटचे ब्लॉक यांचा आधार आपल्याकडे रस्त्याकडेच्या दुरुस्तीत सर्रास दिसतो. वीट व पोकळ ब्लॉक भिंतीत पसरलेला भार सहन करतात. गाडीच्या अरुंद कडेचा भार एका रेषेत आला की ते कोणतीही पूर्वसूचना न देता फुटतात. पोलाद वाकते आणि वाकताना दिसते, ब्लॉक मात्र क्षणात ढासळतो. पर्याय म्हणून लाकडी ओंडक्यांची आडवी-उभी रचलेली भक्कम चळत चालते. फक्त तेल बदलायचे असेल तर चाकांवरच गाडी चढवण्याचे रॅम्प अनेकांना जॅकपेक्षा सोपे वाटतात, कारण त्यात गाडी स्वतःच्या चाकांवर उभी राहते.

जॅक आणि स्टँड लावण्याच्या जागा

आजच्या बहुतेक मोटारींत वेगळी चौकट नसते, अंगाचा पत्राच भार वाहतो. त्यामुळे गाडीच्या पोटाखाली कोठेही जॅक लावला तर फरशीचा पत्रा आत दबतो. उत्पादकाने दारांखालच्या जोडकडेवर, पुढच्या चाकाच्या मागे व मागच्या चाकाच्या पुढे, बळकट केलेल्या चार जागा दिलेल्या असतात. बहुधा तेथे दोन खाचा असतात. सूचनापुस्तिकेत त्यांचे चित्र असते. सेकंड-हँड गाडी घेतलेल्यांकडे बहुधा ती पुस्तिका नसते, ती मिळवावी.

येथे नवशिक्याला एक अडचण येते आणि तिचा उल्लेख विक्रेते क्वचितच करतात. बळकट जागा एक आणि साधने दोन. जॅक त्या जागी लावला तर स्टँड कोठे ठेवायचा? यावर रूढ उपाय असा की जॅक गाडीच्या मध्यभागी, पुढे इंजिनाखालील आडव्या तुळईला लावून पूर्ण टोक उचलावे व दोन्ही बाजूंच्या दाराखालील जागी स्टँड द्यावेत. अशी मधली जागा प्रत्येक गाडीत असतेच असे नाही. लहान गाड्यांतील मागच्या वळणाऱ्या आसावर जॅक लावण्यास काही उत्पादक मनाई करतात. इंजिनाची तेलटाकी, गिअरबॉक्स आणि सायलेन्सरचा पाइप यांना सॅडल कधीही टेकू नये. विजेवर चालणाऱ्या गाडीत तळाचा मोठा भाग बॅटरीने व्यापलेला असतो. तिला जॅकचा धक्का लागणे धोक्याचे व अतिशय खर्चाचे ठरते, म्हणून तेथे पुस्तिकेतील जागांखेरीज दुसरा पर्याय नाही.

वापर

उचलण्यापूर्वी जमिनीवर राहणाऱ्या चाकांना दोन्ही बाजूंनी पाचरी लावतात. हँडब्रेक ओढला आहे एवढे पुरत नाही. बहुतेक गाड्यांत हँडब्रेक मागच्या चाकांवरच काम करतो, त्यामुळे मागचे टोक उचलले की तो निरुपयोगी होतो. गाडी गिअरमध्ये ठेवण्याचेही तसेच. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीचे पुढचे टोक उचलले की गिअरने अडवलेली चाके हवेत असतात. दोन्ही वेळा गाडीला धरून ठेवतात त्या पाचरीच.

चाक काढायचे असेल तर नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल करतात, कारण हवेतल्या गाडीवर पान्याला जोर लावल्यास ती स्टँडवरून ढकलली जाते. गाडी उचलताना सॅडल आणि जॅकची चाके यांवर नजर ठेवावी लागते. पुरेशी उंची आली की स्टँड सारखेच टप्पे देऊन लावतात, खिट्टी किंवा खीळ पुरती बसली आहे हे हाताने पाहतात आणि जॅक अगदी सावकाश सोडून भार स्टँडवर घेतात. मग खाली जाण्याआधी गाडीला कडेने जोराने हलवून पाहतात. पडायचीच असेल तर ती कोणी खाली नसताना पडावी, हा या रीतीमागचा विचार आहे. जॅक पूर्ण काढून न घेता दुसरा आधार म्हणून हलकेच टेकवून ठेवणे व काढलेले चाक दाराखालच्या पत्र्याखाली आडवे सरकवणे, या दोन्ही सवयी बिनखर्चाच्या आहेत. घरात कोणास तरी कल्पना देऊनच काम सुरू करावे आणि लहान मुलांना आवारातून दूर ठेवावे.

चारही चाके एकाच वेळी वर घेण्याची गरज घरगुती कामांत क्वचित पडते. दुसरे टोक उचलताना पहिल्या टोकाचे स्टँड कलतात, ही गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. तसे करणे भागच असेल तर प्रत्येक उचलीनंतर आधीचे स्टँड पुन्हा तपासावे लागतात.

मानके

अमेरिकेत यांत्रिकी अभियंत्यांच्या संस्थेचे, म्हणजे एएसएमईचे, पेस हे मानक या साधनांना लावले जाते. युरोपात हलवता येणाऱ्या जॅकसाठी ईएन १४९४ हे मानक आहे. ऑस्ट्रेलियात ट्रॉली जॅक, आधार-स्टँड आणि मोटारीचे रॅम्प या तिन्हींवर सक्तीची सुरक्षा मानके लागू आहेत. भारतात ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या आयात जॅकवर यांपैकी एखाद्या मानकाचा उल्लेख असतो. उल्लेख वेष्टनावर नसून साधनावरच ठोकलेला किंवा चिकटवलेला असेल, आणि सोबत उत्पादकाचे नाव व क्षमता स्पष्ट असेल, तर त्याला काही अर्थ आहे.

देखभाल

जॅक नेहमी भुजा पूर्ण खाली करून ठेवतात. त्यामुळे दट्ट्याचा चकाकता दांडा सिलिंडरच्या आत राहतो. कोकण, मुंबई आणि गोव्याच्या खाऱ्या दमट हवेत उघडा राहिलेला दांडा गंजतो, त्यावर खड्डे पडतात आणि ते खड्डे प्रत्येक उचलीबरोबर सील कापत जातात. जॅक मारताना मऊ, स्पंजासारखा लागू लागला तर तेलात हवा शिरलेली असते. रिलीज व्हॉल्व्ह उघडा ठेवून, भार नसताना दांडा दहा-पंधरा वेळा मारल्यास ती बहुधा निघून जाते.

तेल कमी झाल्यास जॅकसाठीचे द्रवचालित यंत्रांचे तेलच भरावे. घरात ब्रेक ऑइलची बाटली असते म्हणून ते ओतण्याचा मोह होतो. नेहमीचे ब्रेक ऑइल ग्लायकॉलचे असते व जॅकची सील त्याने फुगून निकामी होतात. वर्षातून एकदा गाडीचे एक टोक जॅकवर उचलून, खाली कोणी नसताना, सॅडलची उंची मोजावी आणि दहा मिनिटांनी पुन्हा मोजावी. उंची घटली तर सील किंवा झडप बदलण्याची वेळ आली आहे. स्टँडमध्ये दुरुस्ती नसते. पाय वाकलेला, जोड तडकलेला किंवा दाते गोल झालेला स्टँड ठोकून सरळ करून पुन्हा वापरत नाहीत. दुसऱ्या कोणी चुकून उचलू नये म्हणून तो कापून भंगारात देतात.